तेरा चिंचोके

मानपाड्याला आमचं दोन खोल्यांचं घर आहे. त्याच्या आतल्या भिंतीला दरवर्षी लोणा धरतो. रंग फुगतो, पापुद्रे सुटतात, खाली फरशीवर पांढरी भुकटी पडते. पहिल्याच वर्षी रंगाऱ्याने भिंतीवरून बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि म्हणाला, "खाडीची रेती आहे, काका. धुतलेली नाही. आता कितीही रंग मारा, हे मीठ बाहेर येतच राहणार."

बिचारा भिंतीबद्दल बोलत होता. मला मात्र खांबेटे आठवले. तसे ते मला कुठल्याही निमित्ताने आठवतात, पण त्या भिंतीसमोर उभं राहिलं की जरा जास्तच.

अनंत विनायक खांबेटे हे खाडीकाठच्या रेतीच्या नाक्यावर आमचे हेडक्लार्क होते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. डोंबिवलीत आणि कल्याणात रोज एक नवी इमारत उभी राहत होती आणि तिच्यासाठी लागणारी रेती आमच्या खाडीतून निघत होती. माणसं बादली घेऊन होडीवरून तळाशी बुडी मारत, रेती भरून वर येत, पुन्हा बुडी. होडी भरली की काठाला लागायची. काठावरून रेती ट्रकमध्ये जायची आणि ट्रक आमच्या खिडकीसमोरून. मी खिडकीत बसून ट्रकची नोंद करायचो आणि पासावर शिक्का मारायचो. एका ट्रकला दोन ब्रास. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ठेकेदाराने मोसमात किती ब्रास काढायचे हे परवान्यात ठरलेलं असे. ते भरले की खोदाई बंद. परवान्याचा आकडा आणि माझ्या नोंदवहीतला आकडा, दोन्ही साहेबांच्या कपाटात असत आणि कपाटाची किल्ली साहेबांच्या चोरखिशात. ज्यांची खाडी होती त्या कोळीवाड्याला यातलं काही कळायची सोय नव्हती. आम्हालाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. वाटत होतं ते एकट्या खांबेट्यांना.

खांबेटे बुटके, गोरे, कायम इस्त्रीतले. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. कोणी त्यांच्या चष्म्याकडे पाहिलं, तर विचारायच्या आत सांगत, "मंगळवारी मोडली. माझीच चूक. उशीखाली ठेवला होता." माणूस कुठलीही गोष्ट पोटात ठेवू शकत नसे. चहाडी मात्र ते करत नसत, हे नीट सांगायला हवं. दुसऱ्याबद्दल ते अवाक्षर बोलत नसत. जाहीर करायचे ते स्वतःचं आणि स्वतःच्या टेबलावरचं. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "सुधाकर, झाकायचं असेल तर माणसानं मोजूच नये. एकदा मोजलं की सांगितलंच पाहिजे."

मी तेव्हा डोंबिवली पूर्वेला त्यांच्याच इमारतीत, त्यांच्याच मजल्यावर भाड्याने राहत होतो. त्यांच्या दाराबाहेर एक पाटी टांगलेली असे. शाळेतली दगडी पाटी, सुतळीला बांधलेला खडूचा तुकडा. एकदा कोणी नातेवाईक बंद दार बघून परत गेले, तेव्हापासून ती पाटी आली. "दळण आणायला गेलो आहे. ५.४० ला येईन." मग त्याखाली, "५.५५ ला आलो. गिरणीत पट्टा तुटला होता. पंधरा मिनिटांचा हा खुलासा." आम्ही जिना चढता-उतरता वाचायचो. आज घरात कोण शिंकतंय, गॅस कधी लावलाय, कुठलं कालवण बिघडलंय, सगळं.

एका रविवारी सकाळी पाटीवर होतं, "आज घरात मतभेद आहेत. पाहुण्यांनी चारनंतर यावे." सगळा जिना खुसखुसत होता. दुपारी पाहिलं तर ते पुसून उषावहिनींच्या गोल अक्षरात लिहिलेलं, "मतभेद मिटले. चूक ह्यांची होती." मला वाटलं, आता खांबेटे पाटी फोडतात. ते बाहेर आले, चष्मा वर करून वाचलं आणि खाली लिहिलं, "नोंद बरोबर आहे. अ. वि. खां."

त्यांच्या मुलीला पाहायला ठाण्याची मंडळी आली होती, तेव्हा मी पोहे पोहोचवायला हजर होतो. मुलाच्या वडिलांनी आपलं सहज विचारलं, "मुलीच्या स्वभावाबद्दल काही?" खांबेट्यांनी खिशातून कागद काढला. मुलगी थोडी घोरते. गणितात दोनदा नापास. संतापली की दोन दिवस बोलत नाही, तिसऱ्या दिवशी फार बोलते. "आणि मी स्वतः निवृत्त झाल्यावर चिडचिडा होईन असा माझा अंदाज आहे. तोही धरावा." आतल्या खोलीतून भांडं आपटल्याचा आवाज आला. मग मुलाचे वडील घसा साफ करून म्हणाले, "आता तुम्ही एवढं सांगताच आहात म्हणून. आमच्या चिरंजीवांची नोकरी कायम नाही अजून." मुलाच्या आईने मान खाली घालून भर घातली, "आणि दम्याचा त्रास आहे त्याला. थंडीतच, पण आहे." अर्ध्या तासात दोन्ही घरांकडे लपवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून लग्न ठरलं. चांगलं चाललंय अजून.

अशा माणसाला नोंदवहीचं कपाट बघवेना. खात्याचं कुठलं तरी जुनं परिपत्रक त्यांनी शोधून काढलं. त्यात लिहिलं होतं, नाक्यावर सूचनाफलक असावा. सूचना कसली, हे कोणी लिहिलेलं नव्हतं. खांबेट्यांनी एका मोडीत निघालेल्या शाळेतून काळा फळा आणला, नाक्याच्या बाहेर कडुनिंबाला टेकवून उभा केला आणि दुसऱ्या दिवसापासून लिहायला सुरुवात केली. "या मोसमाचा परवाना: इतके ब्रास. काल गेलेली रेती: इतके ब्रास. शिल्लक: इतके."

साहेब धावत बाहेर आले. "खांबेटे, हे काय?"

"सूचना, साहेब."

"अहो, पण ही माहिती आहे."

"कळवली की सूचनाच होते, साहेब."

साहेबांनी परिपत्रक दोनदा वाचलं आणि आत जाऊन पंखा मोठा केला.

आम्हाला वाटलं होतं, ठेकेदार चिडतील. उलट ते खूश झाले. सगळ्यात मोठा ठेकेदार बाबूशेट, पांढरे बूट घालणारा, रोज फळ्यासमोर गाडी थांबवून मोठ्याने वाचायचा. "काल बेचाळीस ब्रास. परवान्याच्या आत. वाचा रे, वाचा सगळ्यांनी!" दसऱ्याला त्याने फळ्याला स्वतःच्या हाताने झेंडूचा हार घातला. खांबेट्यांना भरून आलं. मला म्हणाले, "बघ सुधाकर, उघडं ठेवलं की माणूस आपोआप सरळ वागतो."

मी हो म्हणालो. हार कशासाठी होता हे मला माहीत होतं. फळ्यावर येत होता तो माझ्या वहीतला आकडा, आणि माझ्या वहीत बाबूशेटचे सगळे ट्रक येत नव्हते.

आता हे सांगून टाकतो. मानपाड्याला आमच्या घराचं बांधकाम चालू होतं. एका सकाळी दारात दोन ट्रक रेती पडली. मी मागितली नव्हती. नाकारलीही नाही. पुढच्या आठवड्यात बाबूशेटचा ट्रक खिडकीसमोरून न थांबता गेला आणि ड्रायव्हरने मला ओळखीचा हात केला. मी पेन खाली ठेवलं. एवढंच. मग रोजच पेन खाली ठेवू लागलो.

हे ज्यांनी पकडलं त्या हिराबाई. नाक्याच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे त्यांची मासळीची टोपली असे. बोईट, निवट्या, कधी चिंबोऱ्या. साठीच्या पुढच्या, काळ्याकुळकुळीत, नाकात मोठी नथ. अक्षर येत नव्हतं. जो कोणी मासे घेईल त्याच्याकडून त्या आधी फळा वाचून घेत आणि मगच वजन करत. एक दिवस त्या रस्ता ओलांडून खांबेट्यांच्या टेबलाशी आल्या.

"सायेब, तुमचा फला खोटा बोलतो."

खांबेट्यांना कोणी खोटं म्हणण्याची ती आयुष्यातली पहिली वेळ असावी. ते उभेच राहिले. "बाई, मी वहीतून बघून लिहितो."

"मंग वही खोटी बोलतं. मी यक टरक गेला का यक चिंचोका टाकतंय." आणि त्यांनी टेबलावर फडक्याची पुरचुंडी सोडली. चिंचोके घरंगळत माझ्या टेबलापर्यंत आले. "काल बेचालीस ब्रास, म्हंजे येकवीस टरक लिवलंय ना तुमी? मोजा."

खांबेट्यांनी दहा-दहाच्या ढिगाने मोजले. एकोणतीस भरले.

"तुम्ही कशाला मोजता पण?" साहेबांनी आतून विचारलं.

"कनाला म्हंजे? आमचे जाल्यांचे खुंट हायती थंय. रेती गेली का खुंट हलतान. दोन खुंट वाहून गेले औंदा. मना कलाया नको, माजी खाडी कुठं चालली ती?"

नंतरच्या शनिवारी खांबेट्यांनी रजा टाकली आणि छत्री घेऊन दिवसभर हिराबाईंच्या टोपलीशेजारी बसले. संध्याकाळी परत आले तेव्हा अंगाला निवट्यांचा वास होता आणि चेहरा उतरलेला. "सुधाकर," ते म्हणाले, "माझंच चुकलं. एकाच माणसानं मोजलेलं उघड्यावर मांडलं म्हणून ते खरं होत नाही. दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि शेजारी-शेजारी मांडायचं." मला त्यांनी काही विचारलं नाही. "खिडकीतून काही ट्रक निसटत असतील. चहाच्या वेळी वगैरे," असं स्वतःच म्हणाले. मी मान हलवली.

सोमवारी फळ्यावर उभी रेघ आली. डावीकडे "आमची नोंद", उजवीकडे "हिराबाईंचे चिंचोके". खाली "फरक".

तेव्हापासून गंमत सुरू झाली. साहेब पुन्हा धावत बाहेर आले. "सरकारी फळ्यावर चिंचोके? खांबेटे, उद्या वरून कोणी विचारलं, चिंचोका हे कुठलं माप, तर काय सांगू?"

"एक चिंचोका बरोबर दोन ब्रास, साहेब. खाली तळटीप दिली आहे."

खरंच दिली होती.

बाबूशेटने हार घालणं बंद केलं. मग त्याने डोकं लढवलं. सकाळी नऊ वाजताच त्याचा माणूस हिराबाईंची सगळी टोपली विकत घ्यायचा. टोपली संपली की बाई घरी जाणार, असा हिशेब. हिराबाई घरी जायच्या आणि दुसरी टोपली घेऊन यायच्या. तीही घेतली की तिसरी. त्या कोळिणीची तेवढी विक्री आयुष्यात झाली नव्हती. इकडे बाबूशेटच्या कामगारांना सलग पंधरा दिवस दोन्ही वेळ बोईटच. सोळाव्या दिवशी त्यांनी बुडी मारायला नकार दिला. मुकादम हात जोडून नाक्यावर आला. "खांबेटेसाहेब, त्या म्हातारीला सांगा, एखाद दिवस तरी बाजार करू नको म्हणावं. माणसं उलट्या करतायत."

खांबेट्यांनी ते फळ्यावर लिहिलं नाही. "हे मी मोजलेलं नाही," म्हणाले.

फरक मात्र रोज चढत होता. लोक यायचे, वाचायचे. कोळीवाड्याने अर्ज केला. फळ्यावरचा उजवीकडचा आकडा खरा धरला, तर परवाना कधीच संपला होता आणि खोदाई त्याच आठवड्यात थांबायला हवी होती. हिराबाईंचे उरलेले चार खुंट वाचले असते. चौकशी लागली. वरच्या कार्यालयातून पत्र आलं की गेल्या बुधवारची नोंदवही आणि "त्या दिवशीची प्रतिनोंद" येत्या सोमवारी तपासण्यात येईल. त्या बुधवारी फळ्यावर होतं, आमची नोंद एकवीस ट्रक, चिंचोके चौतीस.

हिराबाई प्रत्येक दिवसाची पुरचुंडी वेगळी बांधून घरात आढ्याला टांगत. त्यांनी बुधवारची आणून दिली. खांबेट्यांनी ती स्वतःकडे ठेवली नाही. "माझ्याकडे राहिली तर लोक म्हणतील, खांबेट्यानं चार वाढवले. सुधाकर, तुझ्या खणात ठेव. तू नोंद करणारा. तुझ्यावर कोण संशय घेणार?"

शनिवारी दुपारी बाबूशेट खिडकीशी आला. पहिल्यांदाच वाकून बोलला. "सुधाकरराव, ती वही तुमच्या अक्षरात हाय. मी सुटेन, ठेकेदाराला काय होत नाय. तुम्ही बघा तुमचं. घराला प्लास्टर झालं का?"

झालं होतं.

साहेब जेवायला गेले होते. खांबेटे फळा पुसत बाहेर उभे होते, मला खिडकीतून त्यांची पाठ दिसत होती. मी खण उघडला, पुरचुंडी सोडली, तेरा चिंचोके मोजून खिशात घातले आणि परत बांधली. दोन मिनिटं लागली असतील. माझ्या हातून याहून मोठी गोष्ट आयुष्यात घडलेली नाही, चांगली किंवा वाईट.

सोमवारी ठाण्याहून अधिकारी आले. सफारी, पानाचा डबा. कडुनिंबाखाली टेबल मांडलं. कोळीवाडा एका बाजूला, बाबूशेट आणि त्याचे पांढरे बूट दुसऱ्या बाजूला. अधिकाऱ्यांनी आधी विचारलं, "हे चिंचोके भाजलेले आहेत का कच्चे?" आमच्या साहेबांनी घाबरून खांबेट्यांकडे पाहिलं. "कच्चे," खांबेटे म्हणाले. "कच्चे," असं लिहून घेतलं गेलं. शिपायाने मोजायला सुरुवात केली. बारावर अडला. एक चिंचोका फुटका होता. "साहेब, हा अर्धा धरायचा का?" त्यावर पाच मिनिटं चर्चा झाली. अर्धा ट्रक जात नाही, या मुद्द्यावर तो पूर्ण धरला गेला. शेवटी शिपाई म्हणाला, "एकवीस."

नोंदवहीत एकवीस.

"जुळतंय की!" अधिकारी म्हणाले. बाबूशेटची माणसं हसली.

हिराबाई पुढे आल्या. त्यांनी चिंचोक्यांकडे पाहिलंच नाही. फडकं उचललं. शिपायाने ते गाठ न सोडता टोकावरून ओढून मोकळं केलं होतं आणि गाठ तशीच होती. "ही गाठ माजी नाय," त्या म्हणाल्या. "आमी जाली विणनारी मानसं. आमची गाठ अशी नसतं. ही कागदवाल्याची गाठ हाय."

सगळे हसले. अधिकारी तर पान सावरत हसले. "बाई, गाठीची नोंद कुठं आहे?"

गाठीची नोंद नव्हती. खांबेट्यांनी फडकं हातात घेतलं, चष्मा वर केला, जरा वेळ पाहिलं आणि खाली ठेवलं. अधिकाऱ्यांनी विचारलं, "तुम्ही फळ्यावर चौतीस कशावरून लिहिलंत?" प्रत्येक गोष्टीचा खुलासा तयार असलेला तो माणूस उभा राहिला आणि म्हणाला, "मी स्वतः मोजले तेव्हा चौतीस होते. आज एकवीस आहेत. मधला खुलासा मला देता येत नाही."

सरकारी फळ्यावर खोटा मजकूर लिहिल्याबद्दल त्यांची बदली झाली, पार शहापूरच्या पलीकडे. फळा माळ्यावर गेला. खोदाई मोसम संपेपर्यंत चालली. पुढच्या वर्षी रेती उपसणारे पंप आले, आणि त्याच्या पुढच्या वर्षी हिराबाईंच्या घराचा एकही खुंट खाडीत उरला नाही. टोपली बंद झाली. त्या शहाडजवळ मोहन्याला मुलीकडे राहायला गेल्या, असं नंतर ऐकलं. मी मानपाड्याच्या नव्या घरात गेलो. पहिल्याच पावसाळ्यात भिंत फुगली.

चिंचोके मी टाकू शकलो नाही. दाढीच्या सामानाच्या डब्यात ठेवले होते. बायको दर दिवाळीला साफसफाई करताना विचारायची, "हे काय जपून ठेवलंय तुम्ही?" मी म्हणायचो, "असू दे." एकदा मुलीने सारीपाटाला घेतले, तेव्हा मी तिच्यावर असा ओरडलो की ती रडायला लागली. बायकोने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

नव्वदीच्या अखेरीस मी त्याच खात्यात हेडक्लार्क झालो. एक दिवस नवीन परिपत्रक टेबलावर आलं. प्रत्येक ठिकाणी दर्शनी भागात फलक लावावा. परवाना किती, काढले किती, शिल्लक किती, ते रोज लिहावं. आणि खाली, "स्थानिकांकडील नोंदीशी पडताळणी करून फरक असल्यास दाखवावा." तीन रकाने, छापील नमुन्यासकट. फक्त चिंचोक्यांची तळटीप नव्हती. मी ते परिपत्रक चार वेळा वाचलं. मग घरी जाऊन डबा काढला.

मोजले तर बारा. एक कुठे गेला कळेना. मुलगी आता कॉलेजात, तिला काय विचारणार? मी उभा राहून विचार केला, आणि हे लिहायलाही लाज वाटते, स्वयंपाकघरात जाऊन चिंचेच्या बरणीतून एक काढला, धुतला, पुसला आणि त्यात मिसळला.

खांबेटे त्याच इमारतीत, त्याच मजल्यावर होते. निवृत्त झालेले. दारावर पाटी होती, "घरात आहे. ऐकू कमी येते. जोरात बोलावे." मी बेल वाजवली. उषावहिनींनी चहा टाकला. मी टेबलावर चिंचोके ओतले आणि जोरात, कारण हळू बोलण्याची सोय नव्हती, सगळं सांगितलं. दोन ट्रक रेती, पेन खाली ठेवणं, खण, पुरचुंडी. वहिनी आतून कप घेऊन येता येता थांबल्या.

खांबेट्यांनी चिंचोके दहाच्या ढिगाने मांडले. दहा आणि तीन. मग तीनातला एक उचलून उजेडात धरला.

"हा नवा आहे."

"हो."

"का?"

"एक हरवला. तेरा जुळावेत म्हणून..."

"अजूनही जुळवतोस!" ते म्हणाले आणि खो खो हसले. चष्म्याला अजून दोरा होता, तो हसण्याने सुटला. मला रडू येत होतं आणि हा माणूस हसत होता.

"तुम्हाला राग नाही आला?" मी ओरडून विचारलं.

"तेव्हाच आला होता. शहापूरच्या पलीकडे वर्षभर पुरला. गाठ मी पाहिली होती, सुधाकर. दोन वेढे आणि डावीकडे सुरगाठ. तू फायली तशाच बांधायचास. इतक्या वर्षांत अख्ख्या खात्यात तशी गाठ मी दुसऱ्याची पाहिली नाही."

"मग तिथेच बोलला का नाहीत? तुम्ही तर गॅस कधी लावला तेही लिहायचात!"

"गॅस लावताना मी हजर होतो. गाठ मारताना नव्हतो." त्यांनी चष्म्याची काडी पुन्हा बांधली. "नुसता संशय होता. संशय फळ्यावर लिहायचा नसतो. किती काढलेस ते तुलाच माहीत होतं. आज तू मोजून आणलेस."

असं म्हणून ते उठले. मला वाटलं, आत जातायत. ते दाराबाहेर गेले. पाटी पुसल्याचा आवाज आला, मग खडूचा. मी बाहेर येऊन पाहिलं. पाटीवर होतं, "आज सुधाकर येऊन गेले. बुधवारचे तेरा चिंचोके त्यांनी काढले होते. बारा परत मिळाले. एक बदली. उद्या हिराबाईंकडे जाणार आहेत."

"मी उद्याचं काही म्हटलं नव्हतं," मी म्हणालो.

"काय?"

"मी उद्याचं म्हटलं नव्हतं!"

"मग कधी?" त्यांनी खडू तयार ठेवून विचारलं. "बारा तिला दे. बदलीचा वेगळा ठेव आणि का ठेवला ते सांग. बाई शिव्या देईल. सगळ्या ऐकून घे." मग त्यांनी खडू माझ्या हातात दिला. "नोंद बरोबर असेल तर सही कर. माझ्या अक्षरातलं लोकांनी एकदा खोटं धरलंय."

वरच्या मजल्यावरून एक बाई भाजीची पिशवी घेऊन उतरत होती. ती थांबली, वाचायला लागली, आणि मग माझ्याकडे पाहायला लागली. मी तिच्यादेखत सही केली.

मी रस्त्यावर पोहोचलो तेव्हा वरून हाक आली. खांबेटे कठड्यावरून वाकले होते. एका हातात पाटी, दुसऱ्यात खडू, चष्मा कपाळावर. त्यांना ऐकू कमी येत असल्यामुळे ते ओरडत होते, आणि खालचा इस्त्रीवाला, दूधवाला, रिक्षासाठी उभी असलेली माणसं, सगळी वर पाहत होती.

"अरे सुधाकर! शहाडची गाडी किती वाजता पकडणार? वेळ लिहायची राहिली!"

मी आजूबाजूला पाहिलं. खिशात बारा चिंचोके एका कागदात होते आणि तेरावा दुसऱ्यात.

"सात दहाची!" मी ओरडलो.

"किती?"

"सात दहा!"

त्यांनी मान डोलावली, पाटी कठड्यावर टेकवली आणि चष्मा खाली ओढून लिहायला घेतलं.